शेठ प्रेमचंद रायचंद : बुडालेली पेढी, तरलेले दान

मुंबईच्या फोर्ट विभागात उच्च न्यायालयाशेजारी उभा असलेला राजाबाई टॉवर पाहिला नाही असा माणूस आपल्या समाजात विरळाच. व्यापारानिमित्त मुळजी जेठा मार्केटची पायरी चढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी तो मनोरा मान वर करून पाहिलेला असतो. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी तो आपल्या मातोश्रींच्या नावे बांधविला, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु याच शेठजींचे आणखी एक दान आहे. ते दगडाचे नाही, त्याला घड्याळ नाही, आणि ते मुंबईतही नाही. ते कलकत्ता विद्यापीठात आहे. विद्यापीठातील हुशार विद्यार्थ्यांनी पदवीनंतर पोटापाण्याच्या चिंतेतून मुक्त होऊन स्वतंत्र अभ्यास करावा, यासाठी त्यांनी दिलेला तो निधी आहे. त्या दानाने या देशाला काय दिले, याचा हिशेब आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मांडावा, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

सुरत ते मुंबई

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ साली सुरत येथे ओसवाल जैन कुटुंबात झाला. वडिलांचे नाव रायचंद दीपचंद. सुरतेचे वैभव तोपर्यंत ओसरले होते. तापीच्या मुखाशी गाळ साचला होता, जहाजे मुंबईकडे वळली होती, आणि जहाजांमागोमाग व्यापारीही वळत होते. रायचंद शेठही सहकुटुंब मुंबईस आले. मुलाला त्यांनी इंग्रजी शिक्षण दिले. त्या काळातील व्यापारी घराण्यात हा निर्णय सोपा नव्हता. मुलाने पेढीवर बसून मोडी-गुजराती वही लिहिली, व्याज-आकारणी तोंडपाठ केली की शिक्षण संपले, अशीच सर्वसाधारण समजूत होती. रायचंद शेठांनी चार पावले पुढचे पाहिले.

सुमारे १८५० च्या आसपास तरुण प्रेमचंद दलालीच्या व्यवसायात शिरले. इंग्रजी बोलता, वाचता व लिहिता येणारे ते मुंबईतील पहिले देशी दलाल मानले जातात. युरोपियन कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी त्यांना दुभाष्यावाचून बोलता येई. त्यांची स्मरणशक्ती असाधारण होती. दिवसभरातील सौदे ते कागदावर न टिपता मनातच ठेवीत आणि त्यात चूक होत नसे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. आपल्या व्यवसायातील जुन्या माणसांनी अशी एखादी व्यक्ती पाहिलेली असते, म्हणून ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटत नाही.

कापसाची तेजी

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या तोपर्यंत मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या कापसावर चालत होत्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि तो कापूस येणे थांबले. गिरण्यांना माल हवा होता. तो हिंदुस्थानात होता. आपल्या कापसाला लँकेशायरमध्ये सरसकट ‘सुरती’ म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा असलेला, चातीवर वारंवार तुटणारा म्हणून तो कमी प्रतीचा समजला जाई. पण माल मिळेनासा झाला की प्रतीची चर्चा थांबते, हे कापडाच्या धंद्यात प्रत्येकाला माहीत आहे. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात येऊ लागला व त्याचे भाव कित्येक पटींनी वाढले. त्या चार वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीहून सात ते आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा अंदाज केला जातो.

प्रेमचंद या तेजीच्या केंद्रस्थानी होते. लिव्हरपूलची बातमी त्या वेळी आगबोटीने येई. बोट धक्क्याला लागण्यापूर्वीच ते आपली माणसे छोट्या होडीतून समुद्रात पाठवून बाजारभाव आधी मिळवीत, अशी आख्यायिका आहे. इतरांना बातमी कळेपर्यंत त्यांची खरेदी झालेली असे.

पैसा आला, आणि तो गुंतवायला जागा अपुरी पडली. मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या प्रारंभी एकट्या मुंबईत तीसहून अधिक बँका होत्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. कोणत्याही नव्या कंपनीच्या शेअरवाटपाच्या यादीत प्रेमचंद यांचा शब्द चाले. कोणाला किती शेअर द्यायचे हे तेच ठरवीत, आणि त्यांच्या बंगल्यासमोर सकाळपासून गाड्यांची रीघ लागे. अवघ्या तेहतीस-चौतीस वर्षांचा हा तरुण त्या वेळी मुंबईचा अनभिषिक्त राजा होता.

मुंबई विद्यापीठास दान

या ऐन वैभवाच्या काळात, ऑगस्ट १८६४ मध्ये, प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. सात वर्षे झाली तरी त्याला स्वतःची इमारत नव्हती. केवळ होऊन गेलेल्या विद्वानांचे ग्रंथ त्यात असावेत एवढीच दात्याची अपेक्षा नव्हती. पुढील पिढ्या जे लिहितील तेही त्यात साठत जावे, असा हेतू त्यांनी आपल्या पत्रात नमूद केला होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणखी दोन लाख दिले. हे दान मोठे घड्याळ आणि घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी होते. त्याला मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच इच्छा त्यांनी व्यक्त केली.

राजाबाईंची दृष्टी गेली होती, त्यांचे चोविहाराचे व्रत होते, आणि सूर्यास्ताची वेळ त्यांना घंटेवरून कळावी म्हणून मुलाने हा मनोरा बांधला, अशी कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. लोककथा म्हणून ती घ्यावी. तिच्यातील मातृभक्तीचा भाव मात्र खरा आहे.

इमारतीचा आराखडा लंडनचे प्रसिद्ध वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. ते स्वतः मुंबईस कधीच आले नाहीत. बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. त्याची उंची २८० फूट आहे. पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे त्यावर कोरलेले आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

१ जुलै १८६५

मनोऱ्याची पायाभरणी होण्यापूर्वीच त्याच्या दात्याचे वैभव मात्र लयास गेले. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेचे युद्ध संपल्याची बातमी आली. दक्षिणेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे उघड झाले आणि मुंबईचे भाव कोसळू लागले. शेअरच्या वायद्यांची फेड १ जुलै १८६५ रोजी करायची होती. त्या दिवशी शेकडो लोकांना देणे देता आले नाही. एकाचे देणे दुसऱ्याचे येणे होते, दुसऱ्याचे तिसऱ्याचे, आणि साखळीचा एक दुवा तुटताच सारी साखळी निखळली. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. कामधंदा आटला, लोक गावी परतले. १८६४ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार होती, ती १८७२ च्या गणतीत ६ लाख ४४ हजारांवर आलेली दिसते.

प्रेमचंद यांचीही पेढी बुडाली. बँक ऑफ बॉम्बेतून शेअरच्या तारणावर जी भरमसाट कर्जे दिली गेली, त्यांमागे त्यांचा प्रभाव मोठा होता. ती बँक गुंडाळावी लागून १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. सरकारने चौकशी नेमली आणि तिच्यात प्रेमचंद यांच्या व्यवहारांवर ठपका आला.

चरित्र लिहिताना हा भाग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला मान्य नाही. वहीत जमेची बाजू लिहावी आणि नावेची बाजू कोरी ठेवावी, अशी वही कोणताही हिशेबनीस मंजूर करणार नाही. त्या सट्ट्यात अनेक विधवांची पुंजी गेली, अनेक कारकुनांची आयुष्यभराची बचत गेली. हे सारे एकट्या प्रेमचंद यांनी केले असे नाही. सारे शहरच त्या वाऱ्यावर स्वार झाले होते, आणि त्यात इंग्रज अधिकारी, पारशी, भाटिया, जैन, मराठी असे सर्व होते. पण जो सर्वांत पुढे चालतो, त्याच्या मागे किती माणसे चालत आहेत याची जबाबदारी त्याच्यावर असतेच. परिग्रहाला मर्यादा घालण्याचा उपदेश आपल्या शास्त्रांनी का केला, हे १८६५ च्या मुंबईने व्यवहाराच्या भाषेत समजावून सांगितले. दान दिल्याने हे नुकसान पुसले जात नाही. दोन्ही नोंदी वहीत राहतात, आणि दोन्ही वाचायच्या असतात.

प्रेमचंद मुंबई सोडून गेले नाहीत. ते पुन्हा दलालीच्या व्यवसायात उभे राहिले. १८७५ मध्ये मुंबईच्या देशी शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. एक रुपया प्रवेशशुल्काने सुरू झालेली ती संघटना म्हणजेच आजचा मुंबई शेअर बाजार. शेअर बाजाराच्या वाताहतीत सर्वस्व गमावलेल्या माणसाने बाजाराला नियमांची चौकट देण्याच्या कामात भाग घ्यावा, यात मोठा अर्थ आहे. १९०६ साली त्यांचे निधन झाले. पुढे १९१३ मध्ये सर दिनशा वाच्छा यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले.

कलकत्त्याचे दान

आता ज्या दानासाठी हा लेख लिहिला त्याकडे येतो. कलकत्ता विद्यापीठास प्रेमचंद यांनी दोन लाख रुपयांचा निधी दिला, तो १८६६ सालचा आहे. मुंबईत पेढ्यांची पडझड चालू असतानाचे ते वर्ष. कलकत्ता हे त्यांचे गाव नव्हते. तेथील विद्यार्थी त्यांच्या जातीचे, भाषेचे वा धर्माचे नव्हते. या निधीतून ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ सुरू झाली आणि १८६८ पासून ती देण्यात येऊ लागली.

तिची मूळ रचना एखाद्या चांगल्या हिशेबनिसाला आवडावी अशी होती. मुद्दलाला हात लावायचा नाही. दोन लाखांवर पाच टक्के दराने वर्षाला दहा हजार रुपये व्याज होते. त्यातून वार्षिक दोन हजार रुपयांच्या पाच शिष्यवृत्त्या एकाच वेळी चालवायच्या. दरवर्षी एक नवा विद्यार्थी निवडायचा आणि त्याला पाच वर्षे ती द्यायची. पाच वर्षांनी पहिला बाहेर पडतो, नवा आत येतो, आणि चाक फिरत राहते. त्या काळी वर्षाला दोन हजार रुपये म्हणजे तरुण माणसाने संसाराची चिंता न करता ग्रंथालयात बसावे एवढी रक्कम होती. पुढे काळानुसार रक्कम व नियम बदलत गेले. आरंभी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची अतिशय कठीण परीक्षा घेऊन निवड होत असे, पुढे स्वतंत्र संशोधनाच्या प्रबंधाला प्राधान्य आले. एम.ए. झालेल्या बंगाली विद्वानांच्या नावापुढे ‘पी. आर. एस.’ ही अक्षरे पदवीसारखी लिहिली जाऊ लागली. म्हणजे बंगालमधील विद्वत्तेच्या सर्वोच्च मानचिन्हात सुरतेच्या एका जैन दलालाचे व त्याच्या वडिलांचे नाव कायमचे गुंफले गेले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ही शिष्यवृत्ती एका विषयाला बांधलेली नव्हती. गणित, पदार्थविज्ञान, इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, कोणत्याही दिशेने जाण्यास विद्यार्थी मोकळा होता. दात्याने पैसा दिला आणि विषय विद्वानांवर सोपविला. आपण व्यापारी लोक माल पाहिल्याशिवाय बयाणा देत नाही. पण संशोधनाचा माल आधी दाखविता येत नाही, कारण तो संशोधकालाही ठाऊक नसतो. अशा मालावर पाच-पाच वर्षांचा बयाणा देण्याचे धैर्य या दानामागे आहे.

त्या व्याजावर उभी राहिलेली माणसे

सुरुवातीच्या काळातील मानकऱ्यांत आनंदमोहन बोस यांचे नाव येते. गणितात प्रावीण्य मिळवून ते केंब्रिजला गेले आणि १८७४ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत ‘रँग्लर’ होणारे पहिले भारतीय ठरले. पुढे ते बॅरिस्टर झाले आणि १८९८ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले.

१८८६ मध्ये ही शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी यांना मिळाली. त्यांनी गणित आणि पदार्थविज्ञान असा दुहेरी अभ्यास केला होता. पुढे ते कायद्याकडे वळले व कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गणिती माणूस न्यायासनावर बसला, आणि न्यायासनावर बसूनही त्याने विद्येची पाठ सोडली नाही. १९०६ मध्ये, म्हणजे प्रेमचंद शेठांच्या निधनाच्याच वर्षी, ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तोपर्यंत आपली विद्यापीठे मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या वाटणारी होती. आशुतोषबाबूंनी तेथे अध्यापन व संशोधन सुरू केले, दानशूर व्यक्तींकडून लक्षावधी रुपये मिळवून विज्ञान महाविद्यालय स्थापन केले, आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यासारख्या सरकारी हिशेब खात्यातील अधिकाऱ्याला तेथे प्राध्यापकपदी आणले. ज्याने स्वतः दुसऱ्याच्या दानावर मोकळेपणाने अभ्यास केला होता, त्याला दान मिळविण्याचे आणि ते योग्य हाती देण्याचे महत्त्व वेगळे शिकवावे लागले नाही. व्यापारी भाषेत यालाच चक्रवाढ म्हणतात.

दुसरे नाव आपणा महाराष्ट्रीयांना विशेष जवळचे आहे. १८९७ चे मानकरी यदुनाथ सरकार. त्यांची एम.ए. पदवी इंग्रजी साहित्याची होती. शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते इतिहासाकडे वळले. त्यासाठी त्यांनी सादर केलेला प्रबंध १९०१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. औरंगजेबाच्या काळातील हिंदुस्थानचा भूगोल, महसुलाचे आकडे आणि रस्ते हा त्याचा विषय. फारसी ग्रंथ वाचायचे, सुभ्यांच्या सीमा नकाशावर शोधायच्या, वसुलाचे आकडे ताडायचे आणि मग राज्य कसे चालत होते ते सांगायचे. भाषा, भूगोल, अर्थव्यवहार आणि इतिहास यांच्या सीमेवर उभे राहून केलेले हे काम होते. पुढे हेच यदुनाथ मोगल आणि मराठा इतिहासाचे अग्रगण्य अभ्यासक झाले. १९१९ मध्ये त्यांचे इंग्रजी शिवचरित्र प्रसिद्ध झाले. त्यांच्या काही निष्कर्षांवर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आणि आजही होतात, पण त्या वादांनीही इथल्या संशोधकांना कागदपत्रे धुंडाळायला लावले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह आयुष्यभर टिकला. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड या दोघांच्या संपादनातून साकार झाले. मुंबईहून कलकत्त्यास गेलेला पैसा मराठ्यांच्या इतिहासाच्या रूपाने पुन्हा महाराष्ट्रात आला, असे म्हणावेसे वाटते.

१९१२ मध्ये ही शिष्यवृत्ती रमेशचंद्र मजुमदार यांना मिळाली. प्राचीन भारतातील सामुदायिक जीवनावरील त्यांचा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या श्रेणी कशा चालत, त्या आपले नियम कसे करीत, ठेवी कशा स्वीकारीत, याचा शोध त्यांनी शिलालेखांतून आणि धर्मशास्त्रांतून घेतला. पुढे मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केलेल्या भारतीय जनतेच्या अकरा खंडी इतिहासाचे ते प्रमुख संपादक झाले.

आणि शेवटी मेघनाद साहा. त्यांचा जन्म १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या एका खेड्यात झाला. वडिलांचे लहानसे किराणा दुकान होते. मुलाने दुकानात बसावे असेच घरच्यांना वाटत होते, आणि त्यांचे परिस्थितीमुळे तसे वाटणे चूकही नव्हते. शाळेत असताना बंगालच्या फाळणीविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतल्याने साहांची शिष्यवृत्ती गेली. तरीही ते शिकले. त्यांची पदव्युत्तर पदवी गणिताची. आशुतोषबाबूंनी त्यांना विज्ञान महाविद्यालयात अध्यापक नेमले, आणि तेथे शिकविता शिकविता त्यांनी आधुनिक पदार्थविज्ञान स्वतःच आत्मसात केले. जर्मन भाषा शिकून सत्येंद्रनाथ बोस यांच्यासमवेत आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील लेखांचे इंग्रजी भाषांतरही केले.

ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले असता निरनिराळ्या ताऱ्यांत निरनिराळ्या रेषा दिसतात. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने हजारो ताऱ्यांची त्यानुसार वर्गवारी केली होती. परंतु ही वर्गवारी अशीच का, याचे समाधानकारक उत्तर खगोलशास्त्रज्ञांजवळ नव्हते. रसायनशास्त्रज्ञांना उष्णतेने रेणू कसे विलग होतात याचे गणित ठाऊक होते. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांना अणूची नवी रचना कळली होती. तीन दुकानांत तीन प्रकारचा माल पडून होता आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. साहांनी ते तीनही एकत्र आणले. उष्णतेने रेणू फुटतो त्याच रीतीने ताऱ्यावरील प्रखर उष्णतेत अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो, आणि किती अणूंतून सुटेल हे तापमान व दाब यांवरून काढता येते, असे त्यांनी दाखविले. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान सांगण्याची किल्ली हाती आली. हार्वर्डच्या वर्गवारीवरील त्यांच्या प्रबंधास १९१९ मध्ये प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आणि आणखी एका प्रवास-शिष्यवृत्तीच्या आधाराने ते युरोपात सुमारे दोन वर्षे राहिले. लंडनमध्ये फाउलर आणि बर्लिनमध्ये नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत त्यांना काम करता आले. त्यांचे सूत्र आज जगातील प्रत्येक खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकावे लागते.

स्वतंत्र भारतात पंचांग-सुधारणा समितीचे अध्यक्षपद साहांकडेच होते. खगोल, इतिहास, धर्मपरंपरा आणि राज्यकारभार या सर्वांचा मेळ घालणारे ते काम. त्यातूनच २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. ती पाहायला साहा हयात नव्हते. १९५६ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

अनेकांताची दृष्टी

हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट आपल्यातील प्रत्येक मूल पाठशाळेत ऐकते. वस्तू एकच असते, तिच्या बाजू अनेक असतात, आणि एका बाजूचे ज्ञान खोटे नसले तरी अपुरे असते. भगवंतांनी सांगितलेला हा अनेकांत आपण धर्मचर्चेत मानतो. शिक्षणाच्या बाबतीत मात्र तो विसरतो. मुलगा वाणिज्य शाखेचा की विज्ञान शाखेचा, हे दहावीच्या निकालानंतर आठवड्याभरात ठरवितो आणि पुढे त्याने कुंपण ओलांडू नये अशी अपेक्षा करतो. इंग्रजीचे यदुनाथ इतिहासात गेले, गणिताचे साहा ताऱ्यांकडे गेले. त्यांना कोणी अडविले नाही, कारण त्यांच्या चरितार्थाची सोय ज्याने केली होती त्याने कुंपण घातलेच नव्हते.

वर उल्लेखिलेल्यांपैकी एकही जण गुजराती नव्हता, एकही जैन नव्हता. त्यांपैकी बहुतेकांनी दात्याला पाहिलेही नसेल. आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे चार प्रकारचे दान सांगितले आहे. त्यांतील शास्त्रदान म्हणजे केवळ ग्रंथ छापून वाटणे एवढाच अर्थ आपण रूढ केला आहे. नवे ज्ञान निर्माण करणाऱ्याला आधार देणे हेही शास्त्रदानच होय.

आपल्यासाठी बोध

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत पाठशाळा, धर्मशाळा, वैद्यकीय मदत, वह्या-पुस्तके आणि फीची मदत ही कामे निष्ठेने केली. ती चालूच राहावीत. परंतु फी भरून पदवी मिळवून देणे येथे आपले काम संपते. पदवीनंतर ज्याच्या मनात स्वतंत्र प्रश्न उभा राहतो, त्याला आपण नोकरी धर किंवा दुकानात बस असे सांगतो.

अशा प्रश्नांची उणीव नाही. आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारांतून डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी विसाव्या शतकात अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आणले आणि भारतीय भाषांच्या इतिहासात मोलाची भर पडली. अजूनही ठिकठिकाणच्या भांडारांत हस्तलिखिते कपड्यात बांधलेली आहेत. त्यांवर काम करायचे तर प्राकृत यायला हवे, जुनी लिपी यायला हवी. शाई आणि कागदाचे रसायन समजायला हवे, आणि संगणकाचीही जाण हवी. हे सारे एका पदवीत शिकविले जात नाही. ज्याला ते शिकायचे आहे त्याला तीन-चार वर्षे निश्चिंतपणे द्यावी लागतील. तीच गोष्ट पाणलोट, शेती आणि अर्थकारण यांचा एकत्र विचार करू पाहणाऱ्या एखाद्या मुलीची, किंवा वनस्पतीज रंगांचा इतिहास आणि रसायन दोन्ही तपासू पाहणाऱ्या मुलाची.

यासाठी प्रेमचंद शेठांच्या निधीची रचना आपल्याला मार्गदर्शक आहे. मुद्दल राखावे आणि व्याजातून द्यावे. रक्कम एवढी असावी की विद्यार्थ्याला दुसरीकडे हात पसरावा लागू नये. ती एका वर्षापुरती नसावी, कारण पहिल्या वर्षी प्रश्नच नीट कळत असतो. निवड विश्वस्तांनी न करता त्या त्या विषयांतील जाणकारांनी करावी. विषयाची अट नसावी, जातीची तर नसावीच. आणि निष्कर्ष आपल्या आवडीचा निघाला नाही म्हणून हात आखडता घेऊ नये. दरवर्षी एकच विद्यार्थी निवडला तरी पुरे. कलकत्त्यातही आरंभी दरवर्षी एकच निवडला जात होता.

प्रेमचंद शेठांनी बॅक बेच्या शेअरवर लावलेला पैसा समुद्रात गेला. बँकेत गुंतविलेला बँकेबरोबर बुडाला. ज्या व्यवहारात परताव्याची अपेक्षा सर्वांत मोठी होती, तेथे काहीच उरले नाही. परताव्याची अपेक्षाच न ठेवता अनोळखी मुलांच्या अभ्यासासाठी जे दोन लाख दिले, त्याचे फळ मात्र पुढील कित्येक पिढ्यांना मिळत राहिले. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या ट्रस्टच्या वहीत असे एक खाते उघडले जावे, आणि शताब्दीच्या स्मरणिकेत त्या खात्याची जमा कोणीतरी अभिमानाने मांडावी, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.